सहा मिनिटांचा गारवा

अल्सीद ब्रुसार नुसता उंबऱ्यात उभा राहिला तरी घराला किती टनांचा एसी लागणार ते सांगतो, अशी लुईझियानाच्या त्या खाडीकाठी ख्याती होती. चाळीस वर्षं त्याचा एकच ठोकताळा. पाचशे चौरस फुटांना एक टन आणि वर एक टन मायेचा. नगरपालिकेचा नियम वेगळा होता. आधी भिंती, खिडक्या, माणसं मोजायची, उष्णतेचा भार काढायचा आणि मग यंत्र निवडायचं. हा पठ्ठ्या आधी यंत्र निवडायचा आणि मग गणित त्याच्या मापाचं करायचा.

वादळात त्याचं घर गेलं. नवं बांधलं ते नव्या नियमांनी, जाड अस्तराचं, दुहेरी काचांचं. शोधून फट सापडायची नाही.

नगरपालिकेकडून तपासणीला आलेली लानेट बिचकत म्हणाली, "मिस्टर अल्सीद, एवढ्या बंदिस्त घराला पाच टन?"

"पोरी, तुझे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून मी एसी बसवतोय. वर्नाची छाती नाजूक आहे. माझ्या बायकोला उकडलेलं मला चालणार नाही."

कागदावर त्याने बेधडक जुन्या, वाहून गेलेल्या घराच्या खिडक्या भरल्या होत्या. आकडा चोख जुळला. परवाना मिळाला.

ऑगस्टमध्ये यंत्र सहा मिनिटांत घर गारठवायचं आणि आपोआप बंद व्हायचं. हवेतलं पाणी ओढायला त्याला वेळच मिळेना. मिठाचे खडे झाले, चादरी दमट राहू लागल्या आणि वर्ना खोकू लागली.

"अल्सीद, भिंतीला घाम येतोय रे."

"तुला काहीही दिसतं!" म्हणत त्याने थंडी आणखी वाढवली. भिंती आणखी पाझरल्या. ऐकतोय कोण!

शेवटी वर्नाला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरात कुठे बुरशी आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा अल्सीद चक्क हसला. "नवंकोरं घर आहे, डॉक्टर!"

पण दुपारी घरी येऊन त्याने तिचा पलंग सरकवला. उशाशी भिंत काळीकुट्ट झाली होती. त्याने बोट लावलं, ते आत रुतलं. अल्सीदची पाचावर धारण बसली.

त्याने टेप काढली. आयुष्यात पहिल्यांदा एकेक खिडकी खरी मोजली. उत्तर आलं, सव्वादोन टन. बाजूला त्याच्याच सहीचा, पाच टनांचा जुना कागद पडला होता.

तेवढ्यात वर्नाचा फोन आला. आवाज खोल गेला होता, पण खूश होती. "उद्या सोडतायत मला! एसी चालू ठेव हं. तुझ्या गारव्यातच झोप लागते मला."

"वर्ना, घरी येऊ नकोस."

"का रे म्हाताऱ्या? दुसरी आणून बसवलीस की काय?"

बाहेर यंत्र धडधडत सुरू झालं.

"तुझ्या उशाशी बुरशी आहे," तो म्हणाला. "मीच केलंय ते."

ती काहीतरी बोलायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. सहा मिनिटांनी यंत्र बंद झालं, तरी तिचा खोकला थांबला नव्हता.