पॅन्ट्रीवरची पाटी

पुढच्या सीटच्या पाठीवर अंगठीने टकटक झाली, की समजायचं, चाचा अमेरिकेत पोचले. आमची कंपनीची बस तेव्हा शारजाच्या ट्रॅफिकमध्येच असायची.

"काय ग्रॅज्युएटसाहेब, दोन महायुद्धांच्या मधे तिकडच्या युनियनवाल्यांत का जुंपली, सांगा."

मला कुठलं येतंय! घराण्यातला पहिला बी.कॉम. मी, आणि त्याचा अभिमान मी लपवत नाही. पण अमेरिका सिलॅबसमध्ये नव्हती. चाचा नववी पास, रत्नागिरीकडचे, जबल अलीच्या आमच्या वेअरहाऊसात डिस्पॅचला. जुन्या पुस्तकांच्या सेलमधून अमेरिकेचा एक जाडजूड इंग्रजी इतिहास आणलेला, तो डिक्शनरी घेऊन वाचायचे.

"कारागिरांच्या पुढाऱ्यांना कारखान्यातले साधे कामगार आपल्यात नको होते. दुसरा गट म्हणाला, सगळ्यांना घ्या. वरून तत्त्वाचं भांडण, आतून खुर्चीचं! मग मतांसाठी राजकारणीही घुसले."

"चाचा, हळू. इथे युनियन चालत नाही."

"मी इतिहास सांगतोय हबीबी, वर्गणी मागतोय का?"

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. आपण हसतो आणि डुलकी काढतो.

एका उन्हाळ्यात मॅनेजरनी पॅन्ट्रीवर 'फक्त स्टाफ' अशी पाटी लावली. जेवायला तेवढीच एक एसी खोली. हेल्परांनी आता पत्र्याच्या शेडमध्ये खायचं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मायक्रोवेव्हची रांग गेली.

चाचांनी अर्ज लिहिला : खोली सगळ्यांची राहू द्या, हवं तर वेळा वेगळ्या करा. इंग्रजी तपासायला माझ्याकडे दिला. मी तपासला. मग त्यांनी पेन पुढे केलं. त्याच महिन्यात माझं प्रमोशन व्हायचं होतं.

"घरी विचारून सांगतो, चाचा."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "स्पेलिंग मात्र झकास केलीस हो," म्हणाले. अर्ज एकाच सहीने गेला.

आठवड्यात पाटी उतरली. तीन महिन्यांनी चाचांचा व्हिसा रिन्यू झाला नाही. कारण : वय. साठी उलटलेलीच होती, त्यामुळे कोणाला काही बोलता येईना.

शेवटच्या दिवशी बसमध्ये मी म्हणालो, "मी सही करायला हवी होती."

"केली असतीस तर दोघं घरी गेलो असतो." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "वीस जणांनी केली असती, तर कुणाकुणाला पाठवलं असतं?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खलास. नाश्ता केलास का?"

चाचा आता गावी असतात. मी असिस्टंट मॅनेजर झालोय. नवे साहेब आलेत, त्यांनीही ती पाटी छापायला सांगितली आहे. मलाच.

रोज विचारतात, "हो गया?"

मी म्हणतो, "सर, प्रिंटर खराब है."

आज तिसरा आठवडा.