बांधकाम जागेवर आढळले नाही

ज्या कचेरीत काम पहिल्या खेपेत होतं, तिच्याबद्दल माणसाकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. आमच्या गावच्या नगरपालिकेने माझ्यावर तशी वेळ येऊ दिली नाही. बांधकाम विभागाच्या बाहेर एक लाकडी बाक होता. त्याचा एक पाय आखूड होता, त्यामुळे उठणाऱ्याने आधी शेजाऱ्याला सांगून उठायची तिथे पद्धत होती. नव्वदच्या दशकातला एक अख्खा हिवाळा आणि बराचसा उन्हाळा मी त्या बाकावर काढला. किस्से आपोआप साचत गेले.

हे किस्से मी इतक्यांदा सांगितले आहेत की खरोखर काय घडलं आणि माझ्या सांगण्यात काय घडलं, हे आता मलाच वेगळं करता येत नाही. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस मी. जे पाहिलं ते तिथल्या तिथे टिपून ठेवा, असं जन्मभर पोरांना बजावलं. स्वतः मात्र काही टिपलं नाही. तेव्हा थोडं इकडेतिकडे झालं असेल तर सांभाळून घ्या.

काम अगदी लहान होतं. माझी पत्नी मालती घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन पुण्यात झालं आणि ती तिथेच मुलीकडे राहिली. आमच्या घरी संडास परसात, तोही पायऱ्या चढून. डॉक्टरांनी सांगितलं, पायऱ्या बंद, उकिडवं बसणं बंद. मागच्या पडवीच्या कोपऱ्यात दोन भिंती आधीच होत्या. आणखी दोन घातल्या की आतल्या आत कमोडची सोय होणार होती. मी पुण्याहून निघताना मालतीने मला एवढंच सांगितलं, "मुलीकडे पाहुण्यासारखं किती दिवस राहू? घरात सोय झाली की न्यायला या. पावसाच्या आत."

पडवी बंदिस्त करायची तर परवानगी लागते, असं मी नियमात वाचलं होतं. म्हणून अर्ज केला.

*

पहिल्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी बबनराव होते. नेवाशाकडचे ऊसवाले, मुलांच्या शाळेसाठी गावात घर घेतलेले. त्यांनी सरकून मला जागा दिली आणि आपुलकीने विचारलं, "सर, कुठवर आलंय काम?"

"अजून सुरू केलेलं नाही," मी म्हणालो.

"सामान पडलंय म्हना की."

"नाही. परवानगी मिळाल्यावर आणणार."

बबनरावांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पलीकडच्या टोकाला बसलेल्या साळव्यांकडे पाहिलं. साळवे पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. त्यांनी आपली पिशवी माझ्या बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

पुढे ओळख वाढल्यावर बबनरावांनी खुलासा केला. "आमाला वाटलं, तुमी कुनाची तरी तक्रार घिऊन आलाय. बांधल्याबिगर इथं दुसरं कोन येतंय?"

तेव्हा मला समजलं, की त्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाचं काम एकतर संपलं होतं किंवा संपत आलं होतं. आमच्या गावात आधी बांधायचं आणि मग परवानगी काढायची, अशी रीत होती. त्यात कोणाला लबाडी वाटत नसे. मूल झाल्यावर त्याचं नाव ठेवतात, तसंच ते.

*

बबनरावांनी माडीवर दोन खोल्या चढवल्या होत्या. 'बांधकाम त्वरित थांबवावे' ही नोटीस त्यांच्याकडे पोचली ती वास्तुशांतीच्या दिवशी. नोटीस घेऊन शिपाई दारात उभा राहिला तेव्हा पहिली पंगत बसत होती.

"काम थांबवा म्हनतंय," शिपाई म्हणाला.

"थांबलंच हाय की," बबनराव म्हणाले. "संपलंय. बसा जेवायला."

शिपाई जेवला. जेवण झाल्यावर त्याला कर्तव्याची आठवण झाली. नोटीस घेणाऱ्याने सही नाकारली तर ती दारावर चिकटवायची असते, आणि बबनरावांनी हात खरकटे आहेत या कारणावरून सही नाकारली होती. शिपाई खळीची वाटी घेऊन माडीवर गेला आणि तसाच खाली आला.

"दाराचा रंग वला हाय."

"मंग उद्या या," बबनराव म्हणाले. "लाडू बी उरलेत."

तो दुसऱ्या दिवशी आला. नोटीस इतकी नीट चिकटवली, की ती काढताना रंग गेला. तेवढाच भाग पुन्हा रंगवायला परवानगी लागते का, हे विचारायला बबनराव बाकावर आले होते.

*

साळव्यांची फक्त एक खिडकी होती. बैठकीच्या खोलीतल्या बुद्धमूर्तीवर सकाळचं ऊन पडावं म्हणून त्यांनी पूर्वेकडची खिडकी रुंद केली होती. तिकडे शेजाऱ्याचं अंगण होतं, म्हणून शेजाऱ्याची ना हरकत हवी होती.

शेजाऱ्याची हरकत नव्हती, पण अट होती. त्याच्या घरी टीव्ही नव्हता. दर रविवारी सकाळी त्याचं कुटुंब आपल्या अंगणात सतरंजी टाकून साळव्यांच्या खिडकीतून साळव्यांचा टीव्ही पाहत असे. आता खिडकी मोठी झाली म्हणजे हे लोक पडदा लावणार, अशी त्याला भीती वाटली. त्याने लिहून दिलं, 'खिडकीस हरकत नाही. मात्र पडदा लावू नये.'

कचेरीच्या खिडकीमागे बसायचे ते लिपिक देशमुख भाऊसाहेब. त्यांनी तो कागद वाचला आणि परत केला. "पडदा आमच्या अखत्यारीत येत नाही. बिनशर्त आणा."

साळवे शेजाऱ्याला समजावायला गेले. "अहो, ऊन यावं म्हणून खिडकी मोठी केली. मी पडदा कशाला लावीन?"

शेजारी म्हणाला, "तुमी न्हाई लावनार. पन उद्या सूनबाई आली तर?"

साळव्यांचा मुलगा तेव्हा सातवीत होता.

शेवटी त्यांनी टीव्ही उचलून खिडकीच्या आणखी जवळ ठेवला, तेव्हा बिनशर्त ना हरकत मिळाली. मात्र आता घरातल्यांना बाजूने पाहावं लागतं, असं ते कोणाला दोष न देता सांगत.

*

माझा अर्ज मी मनापासून लिहिला होता. सोबत वायुवीजन, सांडपाण्याचा उतार आणि पत्नीची प्रकृती यांवर वेगळं टिपण जोडलं होतं. देशमुख भाऊसाहेबांनी ते हातात तोलून पाहिलं.

"सर, यावर पदवी द्यायचीय का परवानगी?"

मी ओशाळलो. टिपण परत घेऊ का, असंही विचारलं. ते म्हणाले, "राहू द्या. फक्त एक कॉलम राहिलाय. वापर लिहिलेला नाही. निवासी का व्यापारी?"

"संडास आहे," मी म्हणालो.

"तो कॉलम नाही. निवासी का व्यापारी?"

हा प्रश्न दुसऱ्या कोणी क्षणात निकालात काढला असता. मी बाकावर येऊन बसलो आणि विचार करू लागलो. निवास म्हणजे जिथे माणूस राहतो ती जागा. तिथे कोणी राहणार नव्हतं. चुकीची माहिती दिली तर परवानगी रद्द होईल, असं खाली छापलेलं होतं.

साळवे म्हणाले, "डोळे मिटून निवासी लिहा."

बबनराव म्हणाले, "वरातीवानी लोक येनार हायेत का तुमच्याकडं? दुकान न्हाई ना टाकायचं? मंग झालं तर."

मी निवासी लिहिलं. त्यापुढे कंसात 'अल्पकाळ' असं लिहावं की नाही, या विचारात आणखी थोडा वेळ गेला.

*

मग पाहणीला ओव्हरसियर आले. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. श्रीगोंद्याकडचा पोरगेलासा माणूस, काखेत टेप, घाईत. मी त्यांना मागच्या पडवीत नेलं. त्यांनी कोपरा पाहिला, छत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बांधकाम कुठंय?"

"इथे होणार आहे."

"होणार ते कळलं. झालेलं कुठंय?"

"परवानगी मिळाल्यावर करणार."

रावसाहेबांनी टेपचं टोक ओढलं आणि ते हातातच धरून उभे राहिले. त्यांच्या नोकरीत असा प्रसंग पहिल्यांदाच आला असावा. "सर, मला मापं भरावी लागतात. लांबी, रुंदी, दाराची रुंदी. मी काय मोजू?"

मी नकाशा पुढे केला. ते म्हणाले, "नकाशा हापिसात बी हाय. मी जागेवर काय हाय ते बघायला आलोय."

त्यांचं म्हणणं मला पटलं. समोरच्याचं म्हणणं पटणं ही माझी जुनी अडचण आहे. मी त्यांना चहा दिला.

पुढच्या आठवड्यात फाईल परत आली. शेरा होता, 'अर्जदाराने नमूद केलेले बांधकाम जागेवर आढळले नाही.'

बाकावर त्या शेऱ्याची बरीच चर्चा झाली. बबनराव म्हणाले, "सर, दोन थर इटा रचा. बाकी कागद आपसूक हालतो."

"पण ते अनधिकृत होईल," मी म्हणालो.

"व्हय. मंगच त्ये अधिकृत करतील ना."

साळवे म्हणाले, "यांचं बरोबर आहे. काही नसलं तर मंजूर काय करणार?"

मला ते तर्काला धरून वाटलं, तरी धीर होईना. उन्हं तापली होती. रोहिणी लागायला फार अवधी नव्हता, आणि पाऊस सुरू झाला की परसातली वाट निसरडी होते. मालती तिथेच पडली होती.

*

पुण्याला फोन करायला मी एसटीडी बूथवर जात असे. काचेच्या आत मी बोलायचो आणि बाहेर रांगेतले लोक ऐकायचे.

"झालं का?" मालतीने विचारलं.

"प्रक्रियेत आहे."

"भिंती किती वर आल्या?"

मी शेरा वाचून दाखवला. मीटर पळत होतं. मग ती म्हणाली, "अहो, तुमचा प्रबंध सहा वर्षं चालला. तेव्हा मी तरुण होते. पायऱ्या चढत होते."

बूथवाला हसला, असं मला वाटलं. कदाचित हसला नसेलही.

त्या रविवारी जावयाच्या गाडीतून मालती दारात उतरली. वॉकर टेकत सरळ मागच्या पडवीत गेली आणि रिकामा कोपरा पाहून म्हणाली, "रावसाहेबांना पुन्हा बोलवा."

*

परवानगी पुढे मिळाली. मृगाच्या सरी आल्या तेव्हा घरात सोय झालेली होती. तो कागद कपाटात कुठेतरी असेल. पण सांगायचं आहे ते दुसऱ्या पाहणीचं.

रावसाहेब येण्याआधी मालतीने बबनरावांना बोलावून घेतलं होतं. पाया खणण्याआधी जमिनीवर आखणी करतात ती पांढरी फक्की त्यांच्याकडे उरलेली होती. मालती खुर्चीत बसून सांगत गेली आणि बबनराव शहाबादी फरशीवर फक्कीच्या रेघा ओढत गेले. एक भिंत, दुसरी भिंत. दाराच्या जागी मोकळी फट. साळवेही आले होते. त्यांनी आपल्याकडून काही सुचवलं नाही, फक्त एक रेघ किंचित वाकडी गेल्याचं दाखवलं. मालतीने ती पुसून पुन्हा ओढायला लावली.

ही फसवणूक होत नाही ना, असं मी विचारलं. बबनरावांनी फक्कीने माखलेले हात झटकले.

रावसाहेब आले. त्यांनी फरशीकडे पाहिलं.

"हे काय?"

"तुम्हाला मोजायला जागेवर काहीतरी लागतं ना?" मालती म्हणाली. "मोजा."

रावसाहेब उकिडवे बसले. मग टेप लावू लागले. बबनरावांनी दुसरं टोक धरलं. लांबी झाली, रुंदी झाली. दाराच्या फटीपाशी ते अडले. "संडासाला एवढं रुंद दार कुनी ठेवत न्हाई, बाई. अर्धा फूट कमी करा."

मालती वॉकर धरून उठली. एक एक पाऊल टाकत त्या फटीतून आत गेली. वॉकर दोन्ही रेघांना लागता लागता राहिला. आत आम्ही कमोडच्या जागी एक खुर्ची ठेवली होती. वळायला तिला वेळ लागला. मी पुढे होणार होतो, तिने मानेनेच नको म्हटलं. मग ती खुर्चीवर टेकली आणि दम घेत बसली.

रावसाहेबांनी दाराची रुंदी होती तशीच लिहून घेतली. आतल्या कोपऱ्याचं एक शेवटचं माप राहिलं होतं, तेही आत जाऊन घेतलं. पेन खिशाला लावलं, टेप गुंडाळली, आणि ते सरळ माझ्या दिशेने चालत निघाले.

"रावसाहेब," मालती आतून म्हणाली, "भिंतीतून कुठं निघालात? दार तिकडं आहे."

ते थबकले. त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा बूट फक्कीवर पडला होता. त्यांनी तो उचलून मागे घेतला, वळले, आणि वळसा घालून दाराच्या फटीतून बाहेर आले. पडवीच्या टोकाला बबनराव आणि साळवे उभे होते.

दोन पावलं पुढे गेल्यावर रावसाहेबांना काहीतरी आठवलं. ते मागे फिरले, आत बसलेल्या मालतीकडे न पाहता हात पुढे केला, आणि दार ओढून घेतलं.