वसुधाताईंचा विरोधी पक्ष

वसुधाताई गेल्याची बातमी मला ऑफिसात कळली. समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या एका जहाजाला इंधन द्यायचं होतं, त्याचा कॅप्टन फोनवर माझ्याशी तावातावाने बोलत होता, आणि टेबलावरच्या मोबाईलमध्ये आमच्या फुजैराच्या मराठी ग्रुपवर एकामागून एक जोडलेले हात येत होते. आधी वाटलं, कुणाचे तरी सकाळचे सुविचार आज उशिरा निघाले. मग नाव दिसलं... मी फोन ठेवला नाही. कॅप्टनचं सगळं ऐकून घेतलं, काम खलास केलं, आणि मग पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले. एसी लावायचंही सुचलं नाही.

इथे माणूस गेलं की मागे राहिलेल्या ओळखीपाळखीच्यांच्या हाती काहीच लागत नाही. ताई दुबईच्या हॉस्पिटलात गेल्या आणि तिथूनच त्यांना पुण्याला नेलं. आम्हाला शेवटचं दर्शनही नाही. ग्रुपवर दोन ओळी लिहायच्या आणि दुसऱ्या दिवशी कामाला जायचं. त्याला आता काही आठवडे झाले. मला लिहायची सवय नाही, पण त्या दोन ओळींत माझं भागलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी सांगोल्याकडची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि ते सांगायला मला कधी लाज वाटली नाही, उलट ऐकणाऱ्याने विचारलं नाही तरी मी सांगते. लग्नानंतर नवऱ्याबरोबर अमिरातीत, फुजैराला आले आणि बंदरावरच्या एका कंपनीत लागले. ताई पक्क्या पुण्याच्या. त्यांचे यजमान श्रीकांतराव, त्यांना मी भावोजी म्हणते, तेलाच्या टर्मिनलवर मोठ्या हुद्द्यावर. दुबई-शारजासारखी इथे मराठी माणसांची रेलचेल नाही. दुबईत ऊद मेथाला कार्यक्रम असला की आम्ही डोंगर ओलांडून जायचो, पण एरवी मोजकी घरं, आणि त्या सगळ्यांचा शुक्रवार संध्याकाळचा अड्डा म्हणजे ताईंचा हॉल. तिथे त्या सगळ्यांना एक इंग्लिश मालिका दाखवायच्या.

मालिका जुनी, विलायतेतली, विनोदी म्हणवणारी. एका लहानशा गावातली विधवा बाई दर मंगळवारी गावच्या हॉलमध्ये नाचाचा वर्ग भरवते आणि वर्गाला कुणी येत नाही. हॉलचा रखवालदार आणि पियानो वाजवणारा एक ठार बहिरा म्हातारा, बस्स. बाई खुर्च्या मांडते, दाराकडे बघते, पुन्हा खुर्च्या सरळ करते, आणि मागे न दिसणारे लोक खो खो हसतात. ताई तर डोळे पुसेपर्यंत हसायच्या. आमच्यात त्यावरून सरळ दोन तट पडले होते. काहींना ती मालिका म्हणजे विनोदाची कमाल वाटायची, काहींना कंटाळा यायचा पण बटाटेवडे आवडायचे. मी एकटीच उघड विरोधात.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, "ताई, यात हसण्यासारखं काय आहे? बाई एकटी आहे. आणि हे मागे दात काढणारे कोण? भाड्याने आणलेत का?"

देशमुख वहिनी म्हणून आमच्यातल्या एक आहेत, त्या बाजूच्या बाईला म्हणाल्या, पण मला ऐकू जाईल अशा बेताने, "इंग्लिश ह्यूमर आहे गं, सगळ्यांनाच नाही कळत."

मला चांगलंच लागलं. दिवसभर मी स्कॉटिश, ग्रीक, फिलिपिनो, नाही नाही त्या तोंडचं इंग्लिश फोनवर ऐकते आणि त्यांच्या चुका काढते. मी उठणार, तेवढ्यात ताई सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकावरून, आपल्या नेहमीच्या जागेवरूनच कडाडल्या, "तिला शब्दन् शब्द कळतोय. तिला आवडत नाहीये. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सुरेखा, बस खाली. पुढचा भाग बघ आणि मग सांग कसा वाईट आहे ते."

मी बसले आणि सांगितलं, कसा वाईट आहे ते. मग दर शुक्रवारी सांगत राहिले. माझं मत चूक आहे असं तोंडावर म्हणणारी आणि तरीही ते पूर्ण ऐकून घेणारी बाई मला आयुष्यात तोवर भेटली नव्हती. माहेरी मी शिकलेली म्हणून माझं सगळंच बरोबर, सासरी माझं कुणी विचारतच नव्हतं, आणि ऑफिसात "येस सुरेखा, नो सुरेखा". भांडायला म्हणून ताईच मिळाल्या.

एका उन्हाळ्यात, शाळांना सुट्ट्या लागल्या आणि सगळी मंडळी मुलाबाळांना घेऊन भारतात गेली. मला रजा नव्हती. शुक्रवारी गेले तर ताईंनी नेहमीसारख्या सगळ्या खुर्च्या मांडलेल्या. भावोजी आतून आणखी एक ओढत आणत होते.

"ताई, एवढ्या कशाला? मी एकटीच आहे."

त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं, आणि एकदम हसत सुटल्या. "अगं, बघ तरी! तो रखवालदार आणि मी! आता तरी हस!"

"नाही," मी म्हटलं.

"का?"

"इथे मागे भाड्याने हसणारेही नाहीत."

त्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले आणि नळ सोडून थोडा वेळ तशीच उभी राहिले. मला तेव्हा रडू येत होतं, ते मला त्यांना दाखवायचं नव्हतं.

ताईंचा आजार कळला तेव्हा तो बराच पुढे गेलेला होता. मग सगळी माणसं एकदम गोड झाली. कुणी त्यांना कशालाच नाही म्हणेना. देशमुख वहिनींनी तर फोनवर सांगितलं की ताई, तुमची ती मालिका आम्ही पुन्हा पहिल्यापासून बघतोय. मी दुबईला भेटायला गेले तेव्हा ताई उशीला टेकून बसलेल्या. हात काडीसारखे झालेले. समोर टॅबवर तोच हॉल, त्याच खुर्च्या.

"बस. हा भाग बघ." आवाज अगदी बसला होता.

मी पूर्ण बघितला. माझ्या मनात काय चाललं होतं ते मलाच माहीत. एकदा हसून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? जाणाऱ्या माणसाला तेवढं द्यावं... नर्ससुद्धा माझ्याकडे बघून खुणावत होती, हसा म्हणून.

"कसा वाटला?" ताईंनी विचारलं.

"वाईट. आधीच्यापेक्षा वाईट. त्या बहिऱ्या म्हाताऱ्याला शेवटी पडायला लावलंय, ते तर फार स्वस्त आहे."

ताईंनी डोळे मिटले. मला वाटलं, मी चुकले. मग त्यांनी माझा हात धरला. "शाब्बास," म्हणाल्या, "अगं, सगळे हल्ली मी मेल्यासारखेच बोलतात माझ्याशी. तू चालू ठेव." नंतर त्यांनी त्या पडण्याची बाजू घेऊन मला पाच-सहा वाक्यं सुनावली, मधे मधे श्वास घेत. आमचं ते शेवटचं भांडण. ते मी जिंकले नाही, कारण मधेच डॉक्टर आले.

भावोजी पुण्याहून परत आल्यावर त्यांच्याच हॉलमध्ये सगळे जमलो. कुणीतरी म्हणालं, ताईंना आवडायचं तेच लावू या. लावलं. आणि काय सांगू, सगळे हसले. ज्यांना आयुष्यभर जांभया आल्या तेही हसले, देशमुख वहिनी तर रुमाल तोंडाला लावून. मी हसले नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझी मुलगी ऋचा कानाशी पुटपुटली, "ममा, यू कुड जस्ट स्माइल ना. फॉर हर."

"फॉर हरच नाही हसत," मी म्हटलं. तिला ते कळलं नसावं. त्या हॉलमध्ये कुणालाच कळलं नसावं, आणि ज्यांना कळलं असतं त्या भिंतीवरच्या फोटोत होत्या.

मंडळी गेल्यावर मी भावोजींना खुर्च्या आवरू लागत होते. ते फार कमी बोलतात. दोन खुर्च्या घडी करून झाल्यावर म्हणाले, "सुरेखा, मलाही ती मालिका कधी आवडली नाही."

"पण तुम्ही तर हसायचात, भावोजी!"

"ती हसायची म्हणून."

"ताईंना माहीत होतं?"

"असणार. मी नीट कुठे हसतो..." त्यांनी तिसरी खुर्ची भिंतीला लावली. "म्हणून तर तुझी वाट बघायची ती. गुरुवारपासून म्हणायची, उद्या ती काय बोलेल बघू या."

मागच्या शुक्रवारी मी पुन्हा गेले. भावोजींनीच फोन केला होता, येशील का म्हणून. त्यांनी चहा केला आणि न विचारता मालिकेचा एक भाग लावला. आम्ही दोघं एकाच पक्षाचे, त्यामुळे बोलायला काहीच नव्हतं. वाईट आहे, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, हो. आणि विषय तिथेच संपला. इतकं एकटं मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं. पडद्यावर ती बाई खुर्च्या मांडत होती, दाराकडे बघत होती. भावोजी आणि मी, दोघंही, सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकाकडे बघत होतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ताई त्या मागच्या लोकांच्या अगदी किंचित आधी हसायच्या. त्यांना पुढचं पाठ होतं म्हणून असेल, किंवा धीर नव्हता म्हणून. पण आधी त्यांचं हसू यायचं आणि मग त्या लोकांचं. आता बाई दाराकडे बघते, तेवढा एक क्षण खोलीत काहीच होत नाही, आणि मग ते सगळे हसतात.