तापट उजवा सिलिंडर

माझ्या जुन्या मोटरसायकलला दोन सिलिंडर, आणि त्यातला उजवा महातापट. डिंभ्याहून आहुप्याकडं चढ लागला की माझी उजवी पोटरी भाजायची. मग गाडी थांबवायची आणि बायकोनं भाकरीच्या तव्यावर शिंपडावं तसं दोन्हीकडं पाणी शिंपडायचं. डावा नुसता फुसफुसायचा, उजवा चर्रकन ओरडायचा.

मी कसला ऐकतोय! प्लग आलटूनपालटून लावले, कार्बोरेटर खोलून धुतले, टायमिंग लावलं. प्रत्येक उपायाला नवा पाना लागायचा. तो पुढच्या लेगगार्डला बांधलेल्या पिशवीत जायचा. पिशवी फुगत गेली आणि उजवा आणखीच भडकत गेला.

एकदा चढावरच पिशवीची दोरी तुटली. वैतागून मी ती मागं बसलेल्या बायकोच्या मांडीवर आदळली. आहुप्यात पोचल्यावर तिनं पाणी शिंपडलं, तर दोन्हीकडून सारखाच आवाज! पुन्हा शिंपडलं, पुन्हा तेच! मी भर रस्त्यात नाचलो आणि माझा कुठला उपाय लागू पडला ते तिला समजावू लागलो.

तिनं पिशवी उचलली आणि रोज असायची तिथं, बरोबर उजव्या सिलिंडरपुढं धरली. वाऱ्यावर गार होणारं इंजिन, आणि त्याचा वाराच मी पान्यांनी अडवला होता! आम्ही दोघं पोट धरून हसलो.

"आण ती पिशवी, डाव्या बाजूला बांधतो," मी म्हणालो.

"न्हाई द्यायची," ती म्हणाली. "तुमी परत दुरुस्त कराल."