तिसऱ्या हाकेपर्यंत

माझ्या मामाचा आवाज असा, की त्याने घरात कुजबुज केली तरी शेजारचे उत्तर द्यायचे. विद्यापीठात त्याला समोर सगळे मामा म्हणत आणि पाठ फिरली की भोंगा. त्यालाही ते ठाऊक होतं. मोठ्या आवाजाच्या माणसाचे कान लहान असतात, असा काही नियम नाही.

फी विभागात तो शिपाई म्हणून लागला तो या आवाजावरच, असं मामी सांगते. शिक्षण बेताचं, वशिला कुणाचा नाही, पण मुलाखतीला साहेबांनी नाव विचारलं आणि याने ते सांगितलं, तेव्हा शेजारच्या खोलीतली बाई दचकून उठली म्हणे. साहेबांना हवा होता तसा माणूस मिळाला, कारण त्या विभागात एक काम आवाजाशिवाय होत नव्हतं.

ते काम म्हणजे पुकारणी. फी भरायची मुदत संपते त्या दिवशी विभागासमोरच्या लांबलचक व्हरांड्यात उभं राहून, ज्यांची फी बाकी आहे त्यांना हाका मारायच्या. खिडकी उघडताना पहिली, जेवणाच्या सुट्टीआधी दुसरी आणि खिडकी बंद व्हायच्या सुमारास तिसरी. तिसऱ्या हाकेला कुणी पुढे आलं नाही, की नाव पटावरून गेलं आणि जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला मिळाली.

पूर्वी नावं पुकारत. मग कुणा कनवाळू कुलगुरूंना वाटलं, गरिबाघरच्या पोरांची अशी चारचौघांत शोभा कशाला? यापुढे नंबर पुकारा. हेतू सोन्यासारखा. फक्त हा नंबर हजेरीचा नव्हे आणि परीक्षेचाही नव्हे. तो फी विभागाचा स्वतःचा, पावतीच्या कोपऱ्यात छापलेला. आता ज्याने फीच भरलेली नाही, त्याच्याकडे पावती कुठली असणार? हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं, पण तोवर परिपत्रक निघालं होतं, आणि निघालेलं परिपत्रक आणि बसलेला पाहुणा यांना उठवणं आपल्याकडे सोपं नाही. बहुतेक पोरं 'आपलं काहीतरी असेल' या धाकानेच खिडकीवर येऊन विचारत आणि काम निभावून जाई.

न येणारी पोरं वेगळी. मी त्या विभागात तात्पुरता कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा ती कोण हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. सरकारी विद्यापीठात शिकवण्याची फी सरकार ठरवतं आणि ती चहापाण्याइतकी असते. खरा भार 'इतर शुल्क' नावाच्या शेपटाचा. ग्रंथालय, जिमखाना, दवाखाना, ओळखपत्र, वार्षिक अंक. कधीही न छापलेल्या अंकाचेही पैसे आम्ही वर्षानुवर्षं घेत होतो. गरजूंना फीमाफी मिळते ती शिकवण्याच्या फीची. शेपटाला माफी नाही. पण ज्याच्या हातात 'फी माफ' असा शिक्का मारलेला कागद पडतो, तो शेपूट कशाला बघत बसेल? तो निवांत वर्गात जाऊन बसतो. घरीही सांगून मोकळा होतो, की आपलं झालं. म्हणजे गंमत अशी, की फी माफ झालेल्यांचीच नावं फी न भरल्याबद्दल जात.

मामाचं जे काही झालं, ते यातूनच झालं. मी तेव्हा शाळेत होतो, त्यामुळे हे मला मामीकडून तुकड्यातुकड्यांनी कळलेलं.

त्या वर्षी मामाला ताप होता आणि घसा बसलेला. दुसरी हाक त्याने कशीबशी मारली. तिसरीला उभा राहिला तर आवाजच फुटेना. समोरच्या बाकावर एक मुलगी पुस्तक वाचत बसली होती, वर्ग सुटल्यावर सावली म्हणून. ती उठली, आपली पाण्याची बाटली मामाच्या हातात दिली आणि म्हणाली, "घ्या काका, सावकाश." मामा पाणी प्यायला, बाटली परत दिली आणि यादीतले राहिलेले नंबर खणखणीत पुकारले. ती परत पुस्तकात डोकं घालून बसली. कुणी पुढे आलं नाही.

काही दिवसांनी तीच मुलगी खिडकीवर आली. ग्रंथालयाने तिचं कार्ड घेतलं नव्हतं. फी माफ असताना नाव कसं कमी झालं, एवढंच ती विचारत होती. साहेबांनी नियम वाचून दाखवला. तिने तो नीट ऐकून घेतला आणि मग मामाकडे बघून म्हणाली, "पण मी तर तुमच्या समोरच बसले होते ना."

भांडली नाही, रडली नाही. गेली. पुन्हा त्या इमारतीत कुणाला दिसली नाही. तिचं नाव मामाने त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतर विचारायचं धाडस झालं नाही.

तेव्हापासून मामा विद्यापीठात कुणाच्या हातचं पाणी पीत नाही. व्हरांड्यातून चालताना त्या बाकाजवळ आला की अंग चोरून कडेने जातो, जणू तिथे कुणाचे पाय पुढे आलेले आहेत. बाक रिकामा असला तरी. मी आधी थट्टा करायचो. एकदा त्याच बाकावर बसून डबा खाल्ला, तर तो दारात उभा राहून माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या जागेकडे बघत होता. उरलेला डबा मी आत आणून संपवला. त्यानंतर मी टेबलावरच जेवतो.

मुदतीचा आठवडा आला की तो झोपेत नंबर पुटपुटतो. मामी म्हणते, "ती पोरगी आमच्यात तिसरी राहते. सवत परवडली, निदान दिसते तरी." मामी हे हसत सांगते, पण हल्ली तीही रात्री पाण्याचा तांब्या मामाच्या उशाशी ठेवत नाही.

यंदाची पुकारणी शेवटची होती. पुढच्या वर्षीपासून मोबाईलवर मेसेज जाणार. विभागात सगळे खूश, एक मामा सोडून. पहिली हाक झाली, दुसरी झाली. खिडकीवर रांग लागली आणि ओसरली. तिसऱ्या हाकेची वेळ झाली तेव्हा यादीत एकच नंबर उरला होता. मी संगणकावर पाहिलं. मुलगा, फी माफ, शेपूट बाकी.

आणि त्या बाकावर प्रतीक्षा यादीतली पहिली मुलगी येऊन बसली होती, तिच्या वडिलांबरोबर. वडील गवंडी असावेत, नखांच्या कडांत सिमेंट बसलेलं. मुलीच्या मांडीवर कागदांची प्लास्टिकची फाइल होती आणि ती तिने दोन्ही हातांनी धरली होती, वारा सुटला असावा तशी. एक जागा आज सुटली तर तिची. नाही सुटली तर तिचं वर्ष गेलं.

मामा बाहेर गेला, बाकाकडे पाहिलं आणि हाक न मारताच आत आला. थेट आमच्या अधीक्षक बाईंच्या टेबलासमोर उभा राहिला.

"बाई, त्याचं नाव सांगा."

"नियम माहीत आहे ना, मामा?"

"नियम पाठ आहे. नाव तेवढं नाही."

बाई दुष्ट नव्हेत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि समजावून सांगितलं, की यादी आज रजिस्ट्रारकडे गेलीच पाहिजे. एकासाठी थांबलं तर उद्या सगळ्यांसाठी थांबावं लागेल. मग दाराकडे बोट केलं. "आणि ती बाहेर बसलीय, तिचं काय? तीही कुणाची तरी मुलगीच आहे ना?"

मामा फक्त म्हणाला, की तो पोरगा बाहेर असेल, समोरच असेल, नंबर ऐकत असेल. "मला त्याला बघू द्या. बघितलं आणि तरी आला नाही, तर मारीन मी तिसरी हाक."

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. माझ्या तोंडून नाव निघून गेलं. निदान बाईंना मी नंतर तसं सांगितलं. खरं म्हणजे निघून गेलेलं नाव इतकं स्वच्छ, आडनावासकट येत नसतं.

मामा व्हरांड्यात गेला आणि त्याने ते नाव घेतलं. एकदाच. मी तो आवाज जन्मापासून ऐकतोय, पण तसा कधी ऐकला नव्हता. त्यात पुकारा नव्हता. हरवलेल्या पोराला घरचं माणूस हाक मारतं तशी ती होती. टोकाच्या झेरॉक्सवाल्याने मशीन बंद केलं. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. मामा मात्र मान एका बाजूला करून उभा होता, कुणीतरी अगदी जवळून बोलत असल्यासारखा.

जिन्यावर पावलं वाजली. ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवायचं काम करणारा एक मुलगा धापा टाकत वर आला. बोटांना खळ लागलेली.

"मला कुणी बोलावलं का? माझी तर फी माफ आहे."

मामाने भिंतीला हात लावला. मग त्या मुलाचं मनगट धरून त्याला खिडकीशी आणलं आणि शेपटाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. पावती मी फाडली. मुलाला अजून नीट उमगलं नव्हतं, काय होता होता राहिलं ते. त्याने पावती उलटसुलट बघितली, कोपऱ्यातला नंबर कसला म्हणून विचारलं आणि खळ वाळेल म्हणून पळाला.

खिडकी बंद झाली. मला वाटलं, सुटला मामा. इतक्या वर्षांचं आज फिटलं. घरी जाऊन मामीला काय काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळवही केली.

बाहेर आलो तर बाकावर ते दोघं तसेच बसलेले. वडील उठले, हात जोडले. "साहेब, ती तिसरी हाक कधी असते?"

"झाली," मामा म्हणाला.

"मग आमचं काही त्यात...?"

मुलीला केव्हाच कळलं होतं. तिने फाइलचं बटण लावलं आणि वडिलांच्या बाहीला धरलं. जाता जाता मामाकडे वळून म्हणाली, "तो आला ना वेळेवर? बरं झालं."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, निदान शिवी तरी देता येते. पण ती खरंच तसं म्हणत होती. मामाचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही आलं नाही. भोंग्यातून.

ते दोघं जिना उतरले. मामा त्यांच्या मागून उतरला आणि मी मामाच्या मागून. फाटकाबाहेर ते डावीकडे वळले, बसस्टॉपकडे. आमचं घर उजवीकडे. मामा डावीकडे वळला. त्यांना गाठायचं नाही आणि नजरेआडही होऊ द्यायचं नाही, असं अंतर ठेवून तो चालत राहिला. ती मुलगी एकदा थांबली, चपलेचा पट्टा नीट करायला. तोही थांबला. ती चालू लागल्यावर चालू लागला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी फाटकातून त्याला हाक मारली. दोनदा मारली. एवढ्या आवाजाच्या माणसाचा मी सख्खा भाचा, पण माझी हाक रस्त्याच्या पलीकडेही गेली नाही.