काहीच न करायचं काम

ऐंशीच्या दशकात बर्मिंगहॅमला कौन्सिलने भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने दिले होते. माझ्या तुकड्यात गवत उत्तम यायचं. शेजारी एक गोरी म्हातारी असायची. नाव मी कधी विचारलं नाही, कारण इंग्रजीत विचारलं की उत्तरही इंग्रजीतच यायचं.

सगळे बटाटे लावायचे. ही दगडी कुंडीत खडी भरून उंच डोंगरावरचं एकच रानफूल वाढवायची. वाटाण्याच्या जातीचं, पण खायच्या कामाचं नाही. पाऊस आला की त्याच्यावर काच ठेवायची आणि स्वतः भिजायची.

कित्येक वर्षांनी त्याला पहिली कळी आली आणि नेमकं हिचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. आजूबाजूला बक्षिसं मिळवलेले माळी होते. ती सरळ माझ्याकडे आली.

"काच ठेवून जाते. पाणी नको, खत नको. लाड केले की मरतं ते. तुमचा प्लॉट रोज बघते मी. काहीच न करणं तुमच्याइतकं कुणाला जमत नाही."

मी छाती फुगवून घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बायको तुळशीला घालते तसं तांब्याभर पाणी घेऊन हजर! "अहो, तहानलेलं झाड बघवत नाही." मी तांब्याच धरून ठेवला. इंग्लंडात माझ्या लायकीचं एक काम मिळालं होतं, तेही घालवू?

म्हातारी काठी टेकत आली, तेव्हा जांभळी फुलं उमलली होती. तिला वाकता येईना. मी माझी बसायची बादली उपडी करून दिली. ती बघतच बसली.

"खरंच काही केलं नाहीत?"

बायको मागून म्हणाली, "सांगा तिला, लग्न झाल्यापासून काही केलेलं नाही."

मी भाषांतरही केलं नाही.