जाळी मीच काढली होती

माजरीच्या पुढे एका खासगी कोळसा प्लांटवर मी सहा वर्षं कोळसा वाहणारा पट्टा सांभाळत होतो. ओला कोळसा पुलीला चिकटला की पट्टा एका अंगाला सरकायचा, मग सळईने पुली खरवडावी लागे. आधी पट्टा बंद करायचा, मग पुलीवरची लोखंडी जाळी काढायची, असा नियम. आम्ही चालू पट्ट्यावरच खरवडायचो. बंद केला की सुपरवायझर ओरडत यायचा.

एका दुपारी ती सळई पुलीत ओढली गेली. तिच्यामागे हातमोजा आणि हातमोज्यात माझा उजवा हात. दुखलं नाही. हात परत येत नाही, एवढंच कळलं.

पट्ट्यावरचे दगड वेचणारी एक बाई दहा पावलांवर होती. पोंभुर्ण्याकडची, पन्नाशीची. तिने धावत येऊन पट्टा थांबवायची दोरी ओढली. फिटर पुली उलटी फिरवेपर्यंत ती माझं डोकं धरून उभी होती.

"तिकडं पाहू नोका भाऊ. माह्याकडं पाहा."

चंद्रपूरच्या दवाखान्यात दोन बोटं काढली. तिसरं आता वाकत नाही.

चौकशीला बाहेरून साहेब आले. "जाळी कोणी काढली?"

"मी," मी म्हणालो. खरंच होतं ते.

'कामगाराची चूक' असा कागद तयार झाला. साक्षीदार म्हणून बाईचा अंगठा हवा होता. तिने आधी कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला.

"रोजच काढतेत साहेब. पट्टा बंद केला का हे सुपरवायझर ओरडते. थे काऊन नाई लिहिलं?"

साहेबांनी तेही लिहून घेतलं. महिन्याभरात नवी जाळी बसली, उघडली की पट्टा आपोआप बंद होणारी. बाईला मात्र त्या जबाबानंतर पुढच्याच आठवड्यात कामावरून कमी केलं. मला हे कळलं तेव्हा मी घरी पडून होतो. कोणाला काही बोललो नाही. मला गेटवर बसायचं हलकं काम मिळणार होतं.

उन्हाळ्यात तिच्या गावी गेलो. ती अंगणात मोहाची वाळलेली फुलं निवडत होती.

"माझ्यामुळे तुमचं काम गेलं," मी म्हणालो.

"तुमच्यामुळं काऊन? मी बोलली मनून गेलं." माझा हात तिने उलटसुलट करून पाहिला. "डाव्यानं जेवता येते?"

"येते आता."

"मंग बसा."

परतीची बस साडेचारची होती. जेवण झालं, मग तोवर दोघं मोह निवडत बसलो.